वरच्या तळ्याचे तीन नमुने

गेल्या वर्षी जुलैत, स्कॉटलंडमधल्या एका डोंगरावरच्या तळ्याचं पाणी मी टमरेलानं काढलं. काढायचं होतं लांब दांडीला लावलेल्या निर्जंतुक डावानं. टमरेल तसं चांगलं होतं, निळं, प्लॅस्टिकचं, कान शाबूत असलेलं. पण शेवटी टमरेलच.

हे सांगितलं की माणूस आधी विचारतो, डोंगरावर टमरेल आलं कुठून? म्हणून तिथूनच सुरुवात करतो. या देशात येऊन मला सव्वीस वर्षं झाली. इथली थंडी अंगवळणी पडली, पाच वाजता जेवणाऱ्या शेजाऱ्यांची वेळ अंगवळणी पडली, पण संडासातला कोरडा कागद काही पडला नाही. बेसिंगस्टोकमधल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरी संडासात एक टमरेल असतं. काही मंडळी त्याऐवजी झाडांना पाणी घालायची झारी ठेवतात आणि शेजारी एक कुंडी, म्हणजे इंग्रज पाहुण्याला वाटावं, ही माणसं इथेसुद्धा बागकाम करतात. आमच्या गाडीच्या डिकीत, चाकाच्या पान्याशेजारी, एक टमरेल कायम असतं. पॅरिसला गेलो तेव्हाही होतं. बायको त्याला 'तुमचा दुसरा पासपोर्ट' म्हणते.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे माझ्या चुकीची चव नीट लागेल. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामात कुठली पायरी गाळली गेली ते शोधायचं, सभ्य भाषेत लिहायचं आणि त्यांच्या साहेबांना पाठवायचं, याचा मला पगार मिळतो. 'ठरलेल्या पद्धतीपासून फारकत घेतली असल्यास नोंद करावी' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहीन.

आमची मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली आणि आता केंब्रिजला पीएचडी करते. मराठी तिला सगळं कळतं. बोलते तेव्हा वस्तूंची लिंगं ती स्वतः ठरवते आणि त्यावर आमचं मत मागत नाही. तिचा विषय चतुर, म्हणजे तळ्यावर हेलिकॉप्टरसारखा घिरट्या घालणारा तो लांब शेपटीचा किडा. लहानपणी आम्ही त्याच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवायचो. हे मी तिला एकदाच सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

हवा तापत चालली तसे दक्षिणेकडचे कीटक उत्तरेला आणि वर डोंगरात सरकायला लागलेत. स्कॉटलंडच्या उंचावरच्या तळ्यांत थंडीतच जगणारे काही चतुर आहेत. खालून पाहुणे येऊ लागले की त्यांनी आणखी वर जायचं म्हटलं, तर वर डोंगर शिल्लक नाही. पाहुणे नेमके कुठवर आलेत, हे मुलीला शोधायचं होतं. पूर्वी यासाठी लोक जाळी घेऊन चिखलातून धावायचे आणि सापडलेला किडा टाचणीला टोचायचे. ती फक्त पाणी भरते. चतुराची पिल्लं उडायला लागण्याआधी वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, पाण्यातच वाढतात. त्यांची कात, विष्ठा, अंगाचे कण, सगळं त्या पाण्यात उतरतं आणि त्यात डीएनए असतं. पाणी बारीक फिल्टरमधून ढकलायचं, फिल्टर थंड ठेवून लॅबमध्ये न्यायचा, मग तिथे वाचून कळतं की या तळ्यात कोण कोण राहतं. माणूस घरात नसला तरी उशीवरच्या केसांवरून ओळखावा, तसं.

यात एकही जीव मरत नाही. रीडिंगला आम्ही बुद्धविहाराची मंडळी महिन्यातल्या एका रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये जमतो, वंदना होते, मग सगळ्यांनी आणलेलं एकत्र जेवतो. तिथे मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मंडळी खूश झाली. पहिलं शील पाळून पीएचडी होते म्हटल्यावर दोघी आयांनी आपापल्या मुलांसाठी चौकशीसुद्धा केली. त्या मुलांना बँकेत जायचं होतं, ही गोष्ट वेगळी.

तर जुलैत मुलीला सहा तळ्यांचं पाणी आणायचं होतं आणि आदल्या आठवड्यात तिचा सहकारी सायकलवरून पडून पायाला प्लास्टर घालून बसला. गाडी चालवायला आणि ओझं उचलायला माणूस हवा होता. मी रजा टाकली. निघायच्या आदल्या दिवशी ती घरी आली, हातमोजे, बाटल्या, सीलबंद पिशव्यांतले डाव पसरून तिने मला सगळी पद्धत समजावली. प्रत्येक तळ्याला नवा डाव. प्रत्येक तळ्याच्या तीन बाटल्या. डाव जमिनीला लागला तर तो बाद. नमुन्यांजवळ खायचं नाही, शिंकायचं नाही. हातमोजे घालून नाक खाजवायचं नाही.

"बाबा, नाक."

"अजून घातले कुठेत?"

"आत्ता घातलेत तू."

खरंच घातले होते.

पहाटे निघालो. मुलगी बेसिंगस्टोक सुटायच्या आत झोपली. एम-सिक्स महामार्गावर एका सर्व्हिस स्टेशनला थांबलो, ती कॉफीच्या रांगेत गेली आणि मी काच पुसायला घेतली, कारण वायपरच्या टाकीत पाणी भरायचं मी विसरलो होतो. काचेवर आमच्या हॅम्पशायरचे अर्धे किडे होते आणि वायपरखाली एक मोठा निळा चतुर पंख पसरून सपाट झालेला. आमच्या घराजवळच्या कालव्यावर असले खूप दिसतात. कधी येऊन आदळला ते कळलंही नव्हतं. मी डिकीतून टमरेल काढलं, नळावरून भरून आणलं, काचेवर ओतलं, आणि जो भाग सुटेना तो टमरेलाच्या काठानं खरवडून काढला. खरवडण्याआधी त्याचा एक फोटो घेतला आणि बायकोला पाठवला. मग टमरेल पुन्हा डिकीत.

दुसऱ्या दिवशी डोंगर. वर जायची वाट म्हणजे ओल्या गाद्या अंथरल्यासारखी. पाय टाकावा तिथे बुडतो. मिज नावाचे इथले बारीक चावरे किडे कानात, भुवयांत, हातमोज्याच्या तोंडाशी. आम्ही दोघांनी डोक्यावरून जाळ्या घेतल्या होत्या. मुलगी त्यात शास्त्रज्ञ दिसत होती, मी मधमाश्यांचा चोर. पहिली पाच तळी मुलीने स्वतः केली. मी बाटल्या धरल्या, नावं लिहिली, फिल्टरची पिचकारी दाबली. बायकोने धपाटे आणि जवसाची चटणी दिली होती. ती मी तळ्यापासून चाळीस पावलं लांब जाऊन खाल्ली आणि दोनदा हात धुतले. चटणीचा एक कण पाण्यात गेला असता तर लॅबला जवस सापडला असता, या विचारानं मला आपल्या काळजीपूर्वकपणाचं फार कौतुक वाटत होतं.

पाचव्या तळ्याशी ढग उतरायला लागले. तिचं फिल्टर करणं अजून चालू होतं.

"बाबा, वरचा तू कर. जमेल ना? मग लगेच खाली जाऊ."

"अगं, पाच वेळा पाहिलंय."

सहावं तळं दोनशे मीटर वर होतं. खोलीएवढं असेल, काळं, शांत, काठाला पांढऱ्या बोंडांचं गवत. मी सीलबंद पिशवी फाडली आणि डाव हातातून सुटून चिखलात पडला. सरळ उभा पडला, मूठभर चिखल घेऊन. बाद. जादा डाव मुलीच्या पिशवीत होता. म्हणजे दोनशे मीटर खाली, दोनशे मीटर वर, आणि माझे गुडघे. बाटलीच थेट बुडवावी तर काठाचा चिखल गढूळ होऊन आत येत होता, आणि गढूळ पाण्यानं फिल्टर तुंबतो, हे मला माहीत होतं. हात लांब करून, वरचं स्वच्छ पाणी अलगद घेता येईल असं काहीतरी हवं होतं. तसं काहीतरी माझ्या पिशवीत होतं. डोंगरावर संडास नसतो, म्हणून मी ते सोबत घेतलं होतं. वापरलं नव्हतं, हे नमूद करतो.

मी थर्मासमधल्या गरम पाण्यानं टमरेल विसळलं. दोनदा. मग हातमोजे बदलले, नाकाला हात लावला नाही, आणि त्या टमरेलानं तिन्ही बाटल्या भरल्या. इतकं स्वच्छ पाणी दिवसभरात कुठल्याच तळ्याचं आलं नव्हतं. फॉर्मवर एक ओळ होती, पाणी कशानं काढलं: ठरल्याप्रमाणे की इतर. 'इतर'पुढे लिहायला दोन रिकाम्या ओळी होत्या. मी 'ठरल्याप्रमाणे'वर बरोबरची खूण केली. त्या वेळी मला हे खोटं वाटलं नाही. किरकोळ वाटलं. ऑफिसात ज्या ज्या पोरांना मी पायरी गाळल्याबद्दल लिहिलं, त्या सगळ्यांना तसंच वाटलं असणार.

ऑक्टोबरात संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, बसलाय ना तू?"

"उभा आहे. भांडी लावतोय."

"टॉप पूलमध्ये तो मोठा ब्लू वाला आहे. साउथचा. इतक्या वर कोणाला मिळाला नव्हता. तीनपैकी तीन बाटल्या, बाबा. आणि ब्लँक एकदम क्लीन."

ब्लँक म्हणजे सोबत नेलेलं शुद्ध पाणी. तेही तळ्याकाठी उघडून, गाळून आणायचं. त्यात काही निघालं तर समजायचं की आपलेच हात घाणेरडे होते.

"म्हणजे माझे हात स्वच्छ होते," मी म्हणालो.

"हो रे. सगळ्यात बेस्ट सॅम्पल तुझी आहे."

मी ताट हातात धरूनच बायकोला हाक मारली.

त्या तीन बाटल्यांवर बरंच काही उभं राहिलं. मुलीच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावर लिहून होत आलं. तिच्या प्राध्यापक बाई, मूळच्या स्कॉटलंडच्याच, त्यांनी पुढच्या संशोधनाचा अर्ज त्याच शोधावर बांधला: पाहुणा वर पोचला आहे, आता थंडीवाल्यांचं काय होणार? अर्ज मंजूर झाला की पीएचडीनंतरची तीन वर्षांची जागा आमच्या मुलीची. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तो जायचा होता.

त्याच्या आधीचा रविवार आमच्या वंदनेचा होता. जेवणाच्या वेळी मी हॉलमध्ये एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन मंडळींना सांगत होतो. डोंगर किती चढाचा, ढग कसे उतरले, तिन्ही बाटल्या कुणी भरल्या. डोंगर दर वेळी थोडा उंच होत होता. फोनवर मुलीने पाठवलेलं त्या निळ्या चतुराचं चित्र होतं.

बायको भात वाढत वाढत आमच्यापाशी आली. चित्राकडे पाहून म्हणाली, "अहो, हा तोच ना?"

"तोच म्हणजे?"

"वायपरवाला."

तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं, पर्समधून फोन काढला, बोटानं वर वर सरकवत जुलैपर्यंत गेली आणि फोटो सगळ्यांसमोर धरला. काचेवर सपाट झालेला निळा चतुर. कोपऱ्यात माझा हात, हातात निळं टमरेल. खाली मी लिहिलेलं: 'स्वारी स्कॉटलंडला निघाली आहे, तिकीट न काढता.'

एक काका म्हणाले, "म्हणजे त्याला वर तुम्हीच घेऊन गेलात की काय?"

सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता मला त्या टमरेलाचा कान दिसत होता, आणि कानाखालची ती खाच, जिथे विसळलेलं पाणी पोचत नाही.

परतताना रीडिंग मागे पडेपर्यंत बायको तो फोटो पाहत होती. ती फार्मासिस्ट आहे. तिच्या पाहण्यात मोजमाप चाललेलं असतं.

"त्या टमरेलाचं पुढे काय केलंत?"

"डिकीत ठेवलं."

"आणि डोंगरावर?"

मी एक लॉरी ओव्हरटेक केली. "डोंगरावर होतं सोबत."

"कशाला होतं ते मी विचारत नाहीये. कशाला वापरलंत ते विचारतेय."

मी सांगितलं. चिखल, डाव, गुडघे. गुडघ्यांचं जरा जास्त सांगितलं.

"धुतलं होतं?"

"गरम पाण्यानं विसळलं. दोनदा."

"मी गोळ्या मोजायचा ट्रे असा विसळला तर दुसऱ्या दिवशी घरी बसेन. आजच सांगा तिला."

"शुक्रवारपर्यंत आहे अर्ज."

"शुक्रवारपर्यंत वेळ तिच्याकडे आहे. तुमच्याकडे नाही."

मी त्या दिवशी सांगितलं नाही. घरी येऊन आधी मी स्वतःशीच वकिली केली. तीनपैकी तीनदा सापडला आहे. एखाद्या वेळी योगायोग असेल, तीनदा कसा असेल? मग माझ्यातला टेस्टर म्हणाला, तिन्ही बाटल्या एकाच टमरेलानं भरल्यात, तीनदा सापडला म्हणजे एकदाच सापडला. ब्लँक स्वच्छ आलं त्याचं काय? ब्लँकचं शुद्ध पाणी तू बाटलीतून थेट फिल्टरमध्ये ओतलंस, त्याचा टमरेलाशी संबंधच आला नाही. पण कदाचित तो चतुर खरंच वर पोचला असेल. असेलही. आणि आता ते कुणालाच कळणार नाही, ही तर सगळ्यात वाईट गोष्ट होती.

सोमवारी मी मुलीला फोन केला.

"समजा हं, एखाद्याने पाणी काढताना डावाऐवजी दुसरं काही वापरलं..."

"बाबा, मी अर्जात आहे. एखाद्याला सांग मला ईमेल कर."

मंगळवारी ऑफिसातल्या एका पोरीचा रिपोर्ट माझ्यापुढे आला. तिने एक पायरी गाळली होती आणि खाली ती केल्याची खूण करून ठेवली होती. मी नेहमीचं वाक्य लिहायला घेतलं. अर्ध्यावर थांबलो, लॅपटॉप मिटला, साहेबाला घरी काम आहे म्हणून सांगितलं आणि स्टेशनवर गेलो. बेसिंगस्टोकहून वॉटर्लू, वॉटर्लूहून किंग्ज क्रॉस, तिथून केंब्रिज. सगळा वेळ मी वाक्य जुळवत होतो. तिन्ही गाड्यांत वेगवेगळी वाक्यं झाली आणि प्रत्येकाची सुरुवात गुडघ्यांपासून होत होती.

मुलगी त्यांच्या इमारतीतल्या कँटीनमध्ये भेटली. मला पाहताच तिचा चेहरा उतरला.

"आई ठीक आहे ना?"

"ठीक आहे. तिनंच पाठवलंय असं समज."

मी फोटो तिच्यापुढे ठेवला. आधी तिला चतुरच दिसला. मग तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, कोपऱ्याकडे सरकवलं, आणि माझा हात, त्यातलं टमरेल बघत राहिली.

"हा टमरेल तू वर नेला?"

"हो."

"कोणत्या कोणत्या पूलला वापरला?"

"फक्त वरच्या."

"शुअर?"

"बाकीच्या पाचांचं पाणी तू काढलंस."

"आणि स्कूप?"

"चिखलात पडला."

"स्पेअर माझ्याकडे होता."

"तू खाली होतीस."

"दोनशे मीटर, बाबा."

मी गुडघे काढले नाहीत. टेबलाखालीच ठेवले.

"फॉर्मवर टिक कोणी केला?"

"मी केली."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने सँडविचचा कागद घेतला, त्याची घडी घातली, घडीची घडी घातली, ती उलगडली आणि पुन्हा घातली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी सूप थंड असल्याची तक्रार करत होतं. मग तिने फोनवर दोन ओळी लिहिल्या आणि दहा मिनिटांत तिच्या प्राध्यापक बाई आल्या, सायकलचं हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून. उंच, सडपातळ बाई, साठीच्या आसपासच्या. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी वही काढली होती. तारीख विचारली, सर्व्हिस स्टेशन कुठलं विचारलं, किती वेळा विसळलं विचारलं. आमच्या क्षेत्रात अशी बाई असती तर मी तिला लगेच नोकरीवर घेतलं असतं.

"आणि हे भांडं," त्या म्हणाल्या, "घरगुती मग. म्हणजे चहाचा?"

मी मुलीकडे पाहिलं. मुलगी टेबलाकडे पाहत होती.

"बाबा, तू सांग. मी नाही सांगणार," ती मराठीत म्हणाली.

मी सांगितलं. बाईंनी शांतपणे ते वहीत लिहून घेतलं, आणि लिहिताना त्यांची पेन्सिल एकदाच थांबली. नमुने मेंढ्यांनी बिघडवलेले त्यांनी पाहिले होते, म्हणाल्या, विद्यार्थ्यांनी बिघडवलेले पाहिले होते, एकदा हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानंही बिघडले होते. ही नोंद मात्र नवीन आहे. मग त्यांनी वही मिटली आणि मुलीकडे वळून विचारलं, "तुला काय करायचंय?"

प्रकरण मुलीचं होतं, जागा मुलीची होती. हा प्रश्न मला विचारला असता तर मी काय म्हणालो असतो ते इथे लिहीत नाही.

"काढून टाकायचे. तिन्ही," ती म्हणाली.

"अर्ज बदलावा लागेल. शुक्रवारपर्यंत."

"हो."

"आणि तो इतका आकर्षक राहणार नाही."

"माहीत आहे."

एवढंच बोलणं झालं. मला एक कागद देण्यात आला आणि त्यावर मी जे झालं ते लिहून सही केली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात स्वच्छ रिपोर्ट होता. एकही पायरी गाळली नाही.

मुलगी स्टेशनपर्यंत सोबत आली. पावसाची भुरभुर होती, दोघांत एक छत्री होती आणि ती तिने माझ्यावर धरली नाही.

"तू सांगितला नसता तर मला कधी कळला नसता," ती म्हणाली.

"हो."

"मी तीन वर्ष सगळीकडे हेच सांगत फिरली असती."

"हो."

"थँक्स वगैरे नाही म्हणणार मी."

"नकोच म्हणू."

गाडी आली तेव्हा तिने माझ्या मफलरची गाठ सारखी केली. आई करते तशी, जरा जास्त घट्ट.

अर्ज गेला. 'पाहुणा वर पोचला आहे' हे वाक्य काढून 'पाहुणा कुठवर पोचला आहे हे अजून नक्की माहीत नाही' असं घातलं. तीन वर्षांची जागा मिळाली असती की नाही, कोण जाणे. मिळाली ती एक वर्षाची. घरात हे मला कुणी बोलून दाखवत नाही. या जूनमध्ये मुलगी आणि तिचा पाय बरा झालेला सहकारी पुन्हा त्या डोंगरावर गेले. मला कुणी विचारलं नाही आणि मीही रजेचा विषय काढला नाही. वरच्या तळ्याचे पुन्हा तीन नमुने आले, नव्या डावानं काढलेले. त्यात निळा पाहुणा नव्हता. त्या थंडीवाल्या चतुराचंच सगळं होतं, काळ्या पाण्यात आपल्या पिल्लांसह निवांत राहणाऱ्या. तळं अजून त्याचंच आहे. हे कळलं त्या दिवशी मी कालव्यावर फिरायला गेलो आणि बराच वेळ बसलो. मुलीच्या प्रकरणात आता ही ओळ आहे, आणि ती वाचताना तिचा आवाज जुन्या ओळीपेक्षा सावकाश होतो, असं मला वाटतं. मी बाप आहे, मला काहीही वाटेल.

गेल्या महिन्यात ती प्रबंधाचं शेवटचं वाचन करायला घरी येऊन राहिली. स्वल्पविराम तपासायला तिने पानं माझ्याकडे दिली, कारण मला फुकटात चुका शोधायची हौस आहे. पद्धतीच्या प्रकरणात, पानाच्या तळाशी, मी सापडलो. सर्वांत वरच्या तळ्याचे पहिल्या वर्षीचे तीन नमुने वगळले आहेत, असं तिथे इंग्रजीत लिहिलं होतं, कारण ते एका अनट्रेन्ड मदतनीसाने अमान्य भांड्यानं काढले होते.

स्वल्पविराम बरोबर होते. 'अमान्य भांडं' हेही मला सभ्यपणाचं वाटलं. पण एका शब्दावर मी बोट ठेवलं.

"हे 'अनट्रेन्ड' चूक आहे," मी म्हणालो. "तू मला चांगले दोन तास शिकवलं होतंस. नोंद बरोबर हवी."

तिने लॅपटॉपवरून नजर काढली नाही.

"मी शिकवला, बाबा. तू शिकला नाही."